आधी ट्रान्सफॉर्मर, मग व्हॉल्व्ह: घरच्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी जुना माल कसा निवडावा

व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या निर्वात नळ्यांचा, अ‍ॅम्प्लिफायर घरी बनवायचं मनात आलं की बहुतेक जण पहिल्यांदा व्हॉल्व्ह विकत घेतात. दिसायला तेच देखणे आणि चर्चाही त्यांचीच. माझं सांगणं उलटं आहे. ईएल ८४, ईएल ३४, ईसीसी ८३ हे व्हॉल्व्ह आजही स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये नवे बनतात. पैसे मोजले की घरपोच येतात. कपॅसिटर, रेझिस्टर, सॉकेट यांचंही तसंच. ट्रान्सफॉर्मरचं मात्र तसं नाही. ते दोन लागतात: विजेपासून हवे ते व्होल्ट देणारा पॉवर ट्रान्सफॉर्मर, आणि व्हॉल्व्ह व स्पीकर यांच्यामधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर. चांगला नवा घ्यायचा तर बाकी सगळ्या सामानाइतका खर्च त्या एकट्यावर होतो. जुना घ्यायचा तर जो हाती लागेल त्यावर पुढचं सगळं ठरतं: व्हॉल्व्ह कोणता, वॉट किती, स्पीकर किती ओहमचा. म्हणून ट्रान्सफॉर्मर आधी शोधा आणि सर्किट त्याच्यावरून ठरवा.

जळगाव, धुळे, नंदुरबार भागातल्या नवख्यांसाठी हे लिहितो आहे. मल्टिमीटर वापरता येतो आणि सोल्डरिंग जमतं, एवढं धरून चालतो.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये २५० ते ३५० व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये टिकून राहतो. मुख्य कपॅसिटरवर २२० किलोओहम, २ वॉटचा रेझिस्टर कायमचा जोडा, म्हणजे तो आपोआप रिकामा होईल. तरीही हात घालण्याआधी मीटर लावून शून्य बघा. चालू सर्किटमध्ये मोजताना एक हात पाठीमागे ठेवा. घरात एकटे असताना पहिली चाचणी करू नका.

माल कुठे मिळतो

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाइलचं काय वाटेल ते मिळेल, पण हा माल तिथे शोधू नका. तो तीन ठिकाणी असतो. एक, जुने रेडिओ मेकॅनिक. तालुक्याच्या गावात असा एखादा अप्पा किंवा नाना अजून सापडतो. दुकान मुलाने मोबाइल रिपेअरिंगचं केलेलं असतं, पण माळ्यावर पोत्यात जुन्या चॅसी, म्हणजे रेडिओचे आतले पत्र्याचे सांगाडे, पडलेल्या असतात. दोन, मंडप आणि लाउडस्पीकरवाले. सारंगखेड्यापासून मुक्ताईनगरपर्यंतच्या यात्रा, सप्ताह, लग्नं, सगळीकडे कर्णे वाजत आले, आणि ट्रान्झिस्टरचे अ‍ॅम्प्लिफायर येण्याआधी त्यांच्यामागे व्हॉल्व्हच होते. ते डबे कोणी सहसा फेकत नाही, कारण वजनदार असतात. तीन, भंगार. इथे मात्र घाई करावी लागते, कारण भंगारवाल्याला ट्रान्सफॉर्मर म्हणजे तांबं. फोडून तांबं आणि लोखंड वेगळं झालं की संपलं. तांब्याच्या भावापेक्षा थोडं जास्त देतो म्हणून आधी सांगून ठेवलं तर तो माल बाजूला ठेवतो. ‘कितलाले?’ विचारून घासाघीस करण्याआधी तांब्याचा त्या दिवसाचा भाव माहीत असू द्या.

एक विनंती. लाकडी कॅबिनेट धड आहे, डायलची काच शाबूत आहे, सगळे व्हॉल्व्ह जागेवर आहेत, असा मर्फी, बुश किंवा फिलिप्सचा सेट मिळाला तर ट्रान्सफॉर्मरसाठी तो फोडू नका. तो दुरुस्त होतो आणि दुरुस्तच व्हायला हवा. वाळवीने खाल्लेले, अर्धे रिकामे झालेले सेट भरपूर मिळतात. आपला माल त्यांतून घ्यावा.

कोणत्या रेडिओत ट्रान्सफॉर्मर असतो

सगळ्या रेडिओत पॉवर ट्रान्सफॉर्मर नसतो, आणि हे बाहेरूनच ओळखता येतं. व्हॉल्व्हचं पहिलं अक्षर बघा. ईसीएच ८१, ईएफ ८९, ईएल ८४ असे ‘ई’ने सुरू होणारे व्हॉल्व्ह ६.३ व्होल्टच्या फिलामेंटचे (फिलामेंट म्हणजे व्हॉल्व्ह आतून तापवणारी तार). सेटमध्ये असे व्हॉल्व्ह असतील तर ट्रान्सफॉर्मर बहुतेक सापडतोच. यूसीएल ८२, यूएल ८४ असे ‘यू’वाले व्हॉल्व्ह असले तर तो एसी-डीसी सेट. त्यात सगळ्या फिलामेंट १०० मिलिअँपिअरवर एकामागोमाग एक जोडलेल्या असतात आणि चॅसी थेट लाइनच्या एका वायरला लागलेली असते. त्याच्या चॅसीला प्लग लावलेला असताना हात लावू नका, आणि तसं सर्किट घरी बनवूही नका. ‘डी’ने सुरू होणारे व्हॉल्व्ह बॅटरीवरच्या रेडिओचे. वीज पोचली नव्हती त्या गावांत हे सेट चालले. त्यांचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर आगपेटीएवढा आणि त्याच्या प्रायमरीचा, म्हणजे व्हॉल्व्हकडच्या वाइंडिंगचा, भार बहुधा दहा हजार ओहमच्या वर. आपल्याला उपयोग नाही.

‘ई’वाला सेट मिळाला की ट्रान्सफॉर्मर काढण्याआधी कागद-पेन्सिल घ्या आणि सेटमधल्या सगळ्या व्हॉल्व्हची नावं लिहा. ट्रान्सफॉर्मरवर सहसा काही छापलेलं नसतं, पण त्याची ताकद या यादीतून निघते. समजा यादीत ईसीएच ८१, ईएफ ८९, ईएबीसी ८०, ईएल ८४ आणि ईझेड ८० आहेत. त्यांच्या फिलामेंटचा करंट क्रमाने ०.३, ०.२, ०.४५, ०.७६ आणि ०.६ अँपिअर. बेरीज २.३१, वर डायलचे दिवे. एचटीच्या, म्हणजे उच्च व्होल्टच्या, बाजूने एकटा ईएल ८४ सुमारे ५४ मिलिअँपिअर घेतो, बाकीचे मिळून पंचवीसेक. म्हणजे हा ट्रान्सफॉर्मर वर्षानुवर्षं ७५ ते ८० मिलिअँपिअर देत आला आहे.

आता आपला अ‍ॅम्प्लिफायर मांडू. एक ईसीसी ८३, एक ईएल ८४, आणि एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर तोच ईझेड ८०. फिलामेंट १.६६ अँपिअर, एचटी साधारण ५६ मिलिअँपिअर. ट्रान्सफॉर्मरवरचा भार बराच उतरला. हीच मोकळीक आपल्याला हवी आहे, का ते शेवटी येईल. पण याच ट्रान्सफॉर्मरवर स्टीरिओ करायला गेलात तर दोन ईएल ८४ मिळून १०७ मिलिअँपिअर मागतील, आणि ते त्याला झेपणार नाही. रेडिओच्या एका पॉवर ट्रान्सफॉर्मरवर एकच चॅनेल, हा हिशेब पक्का धरा.

डोळ्यांनी, नाकाने आणि मीटरने

ट्रान्सफॉर्मर हातात आला की आधी वास घ्या. जळलेल्या एनॅमलचा करपट वास वर्षं गेली तरी जात नाही. वास आला तर परत ठेवा. बॉबिनच्या कडेने मेण किंवा डांबरासारखं काही वितळून ओघळलेलं दिसलं तर तो कधीतरी फार तापला होता, तोही नको. स्टॅम्पिंगवरचा वरवरचा गंज चालतो. वायरवरचं रबर हात लावताच भुगा होऊन पडत असेल तर तेही चालतं, नवी स्लीव्ह चढवता येते. मात्र वायर बॉबिनच्या अगदी तोंडाशी तुटली असेल तर नवख्याने त्या वाटेला जाऊ नये.

रंगांवर विसंबू नका. अमेरिकन पद्धतीत प्रायमरी काळी, एचटी लाल, ६.३ व्होल्ट हिरवी, ५ व्होल्ट पिवळी असते. आपल्याकडच्या सेटमध्ये तसं असेलच असं नाही, आणि मधे कोणी मेकॅनिकने वायरी बदललेल्याही असतात. मीटर ओहमवर ठेवून जोड्या शोधा. प्रायमरी, म्हणजे विजेकडची वाइंडिंग, साधारण दोन आकडी ओहम दाखवते. एचटीच्या दोन्ही अर्ध्या मिळून काहीशे ओहम. या दोन अर्ध्यांत थोडा फरक दिसेल. तो दोष नाही. बाहेरच्या थराच्या वेढ्याला तार जास्त लागते, एवढंच. फिलामेंटच्या वाइंडिंगला मीटर जवळजवळ शून्य दाखवेल. मोजताना उघडी टोकं बोटांत धरू नका. मीटर काढतानाच्या क्षणी वाइंडिंग चांगलाच झटका देते.

सिरीज बोर्ड

मोटार रिवायंडिंगच्या दुकानात सिरीज बोर्ड असतोच. घरी करायचा तर एका होल्डरमध्ये ६० वॉटचा तारेचा पिवळा बल्ब आणि त्याच्या सिरीजमध्ये प्लगची जागा, झालं. एलईडी बल्ब इथे कामाचा नाही.

सगळ्या सेकंडरी, म्हणजे प्रायमरी सोडून बाकीच्या वाइंडिंग, मोकळ्या सोडा, टोकं टेपने झाका, आणि प्रायमरी बोर्डावर लावा. स्विच टाकताच बल्ब क्षणभर चमकून विझला किंवा जेमतेम लाल राहिला, तर ठीक. पूर्ण पेटून राहिला तर आत कुठेतरी वेढे शॉर्ट आहेत. असा ट्रान्सफॉर्मर फुकट मिळाला तरी घेऊ नका.

पास झाला की सिरीजमध्येच सेकंडरीचे व्होल्ट मोजा. मीटरचे क्लिप आधी लावायचे, मग स्विच, मग वाचन, मग स्विच बंद. एचटी मधल्या टोकापासून एकेका बाजूला मोजा. दोन्ही मिळून ५०० च्या वर जातं आणि स्वस्तातल्या मीटरला ते सोसेल याची खात्री नसते. भाराशिवाय २५० चं वाइंडिंग २७० च्या आसपास आणि ६.३ चं वाइंडिंग ६.८ किंवा ७ दाखवेल; हे नॉर्मल आहे. एका बाजूला २७० आणि दुसऱ्या बाजूला २३० दिसले तर मात्र अर्ध्या वाइंडिंगमध्ये गडबड आहे. मग बल्ब काढून थेट लाइनवर, मध्ये फ्यूज ठेवून, तासभर रिकामा चालवा. हात ठेवता येईल इतपत कोमट झाला तर उत्तम.

मेगर

आपल्या भागात एक मोठी सोय आहे आणि बाहेरच्या लेखांत ती कोणी सांगत नाही. केळी आणि कापसाच्या पाण्यामुळे गावोगावी पंपाच्या मोटारी भरून देणारी दुकानं आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांकडे मेगर असतो. मल्टिमीटर ९ व्होल्टच्या बॅटरीवर इन्सुलेशन तपासतो. मेगर ५०० व्होल्टवर. साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा कागद ९ व्होल्टला दाद देत नाही, ५०० ला देतो.

दुकानात गर्दी नसेल त्या वेळी जा, म्हणजे उन्हाळी पाण्याच्या हंगामात भर दुपारी नको. कोअरच्या बोल्टवरचा रंग आधी पॉलिश पेपरने घासून न्या, नाहीतर क्लिप रंगावर बसते आणि माप खोटं चांगलं दिसतं. एक क्लिप बोल्टला, दुसरी प्रायमरीला. हँडल एकसारखं फिरवलं की काटा चढतो आणि एका जागी स्थिरावतो. तो थरथरत राहिला किंवा चढून पुन्हा खाली घसरला तर आत कुठेतरी ठिणगी पडते आहे. मग एचटी आणि कोअर, प्रायमरी आणि एचटी, ५ व्होल्ट आणि कोअर, असं प्रत्येक जोडीचं माप लिहून घ्या. रेक्टिफायरची वेगळी ५ व्होल्टची वाइंडिंग असेल तर ती पूर्ण एचटीवर बसलेली असते, म्हणून ती विसरू नका. मी स्वतः २० मेगओहमच्या खालचा ट्रान्सफॉर्मर वापरत नाही.

पावसाळ्यात माप कमी आलं तर लगेच टाकून देऊ नका. कागद ओल धरतो. मोटारवाले वाइंडिंग पेटीत बल्ब लावून सुकवतात, तसंच करा. किंवा एप्रिल-मेच्या उन्हात आठवडाभर ठेवा आणि पुन्हा मेगर लावा. पुष्कळदा माप अनेक पटींनी वर येतं. न आल्यास तो गेला.

आउटपुट ट्रान्सफॉर्मर

आवाज खऱ्या अर्थाने इथे ठरतो, त्यामुळे इथे वेळ द्या. रेडिओत हा बहुधा स्पीकरच्या फ्रेमवरच स्क्रूने बसवलेला असतो. फाटका स्पीकर भंगारात दिसला तरी त्याच्या पाठीवर बघा.

काम साधं आहे: व्हॉल्व्हला हजारो ओहमचा भार हवा असतो, स्पीकर काही ओहमचा असतो. ईएल ८४ एकटा, २५० व्होल्टवर, सुमारे ५२०० ओहम मागतो आणि साडेपाच वॉटच्या आसपास देतो. ६व्ही६ ला ५००० ओहम. दोन ईएल ८४ पुश-पुल, म्हणजे आळीपाळीने काम करणारे, असतील तर प्लेट ते प्लेट ८०००. ट्रान्सफॉर्मर व्हॉल्व्हला किती ओहम दाखवेल (मीटरवर दिसतात ते ओहम वेगळे) हे वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गावर ठरतं, आणि ते घरी मोजता येतं.

कुठल्याही दुकानात मिळणारा १२-०-१२ चा छोटा ट्रान्सफॉर्मर घ्या. त्याचे एका बाजूचे १२ व्होल्ट एसी आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला द्या. प्रायमरी म्हणजे जिथे मीटर काहीशे ओहम दाखवतो ती बाजू. उलटं जोडलंत तर दुसऱ्या टोकांवर ३०० व्होल्टच्या वर तयार होतील, म्हणून जोडण्याआधी दोनदा बघा. समजा प्रायमरीवर १३.२ व्होल्ट आणि सेकंडरीवर ०.३६ व्होल्ट आले. भागाकार ३६.७, त्याचा वर्ग सुमारे १३४५. याला ४ ओहमचा स्पीकर लावला तर व्हॉल्व्हला ५४०० ओहम दिसतील. ईएल ८४ साठी हे छान जुळतं. पण ८ ओहमचा लावला तर १०,८००, म्हणजे दुप्पट; पॉवर घटेल आणि आवाज लवकर फाटेल. जुने रेडिओ ३-४ ओहमच्या स्पीकरसाठी बनलेले असल्याने असंच माप वारंवार येतं. तोडगा सोपा आहे. गाडीतले स्पीकर ४ ओहमचे असतात आणि सगळीकडे मिळतात, किंवा ८ ओहमचे दोन पॅरलल जोडा.

पुढची तपासणी कोअरची. एकट्या व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, म्हणजे सिंगल एंडेडमध्ये, प्रायमरीतून सतत डीसी वाहत असतो. कोअर त्याने तुडुंब होऊ नये म्हणून स्टॅम्पिंगचे सगळे ‘ई’ एका बाजूला, सगळे ‘आय’ दुसऱ्या बाजूला आणि मध्ये कागदाची पट्टी असते. कडेने बघितलं की सांध्याची एक सरळ रेघ दिसते. पुश-पुलच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि पॉवर ट्रान्सफॉर्मरमध्ये ‘ई’-‘आय’ आलटून-पालटून रचलेले असतात. फट नसलेला सिंगल एंडेडला लावला तर खर्ज आधी जातो. त्यामुळेच ‘२३०-६ चा साधा मेन्स ट्रान्सफॉर्मर आउटपुटला लाव’ हा सल्ला इथे घेऊ नका.

आता आकार. ५००० ओहमच्या भाराला ५० हर्ट्झपर्यंत नीट पोचायचं तर प्रायमरीचं इंडक्टन्स सुमारे १६ हेन्री लागतं. रेडिओच्या छोट्या स्पीकरला तेवढं खाली जायचंच नव्हतं, म्हणून बनवणाऱ्याने लोखंड बेताचंच घातलं. दोन सारख्या ट्रान्सफॉर्मरमध्ये निवड करायची वेळ आली तर डोळे मिटून जड असेल तो घ्या. माणसाचा गळा, बासरी, सतार या छोट्या ट्रान्सफॉर्मरवरही फार सुंदर लागतात. ढोल आणि तबल्याचा डग्गा ऐकताना त्याची मर्यादा कळते.

स्टीरिओ करायचं असेल तर एकाच मॉडेलच्या दोन सेटमधले घ्या आणि दोघांचं गुणोत्तर ५ टक्क्यांच्या आत जुळतं का ते मोजा. म्हणूनच सुरुवात मोनोने करा असं मी म्हणतो.

कर्ण्याच्या अ‍ॅम्प्लिफायरमधला आउटपुट ट्रान्सफॉर्मर दणकट असतो आणि मागच्या पट्टीवर ४, ८, १६ ओहमची टोकं मिळण्याची शक्यता असते. १०० व्होल्टचं टोक मात्र घरच्या स्पीकरला जोडायचं नाही. ३० वॉटच्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ते सुमारे ३३३ ओहमचं असतं, लांबवरच्या कर्ण्यांच्या लाइनसाठी. असा डबा पूर्ण मिळत असेल तर पूर्णच घ्या. त्यातले दोन्ही ट्रान्सफॉर्मर एकमेकांसाठी बनलेले असतात, वर डीसीतली गुणगुण कमी करणारा चोकही मिळतो. पण आतला डीसी ४०० च्या पुढे जाऊ शकतो, त्यामुळे तो दुसऱ्या प्रकल्पासाठी ठेवा. चोक मिळाला नाही तर ४० वॉटच्या ट्यूबलाइटचा जुना तांब्याचा चोक सुमारे १ हेन्रीचा असतो. छोट्या अ‍ॅम्प्लिफायरचं काम त्यावर भागतं.

आपली वीज आणि आपलं ऊन

जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला बहुधा २००, २२०, २४० अशी टोकं असतात. कोणतं वापरायचं हे घरची वीज मोजून ठरवा: संध्याकाळी, मध्यरात्री आणि पहाटे. खेड्यात पंप चालू असताना व्होल्टेज पडतं आणि पंप बंद झाले की चढतं. मध्यरात्री २४५ येत असतील आणि तुम्ही २२० चं टोक वापरलं, तर सगळंच ११ टक्क्यांनी वाढेल. ६.३ चे ७ व्होल्ट झालेल्या फिलामेंटचं आयुष्य झपाट्याने घटतं. २४० चं टोक असेल तर तेच घ्या. नसेल तर घरातला चांगला स्टॅबिलायझर मध्ये ठेवा.

उन्हाची गोष्ट त्याहून मोठी. या ट्रान्सफॉर्मरचं कागद आणि एनॅमलचं इन्सुलेशन साधारण १०५ अंशांपर्यंतचं. इंग्लंड-हॉलंडच्या कारखान्यांत आराखडा झाला तेव्हा खोली २०-२५ अंशांची धरली असेल. भुसावळात मे महिन्यात दुपारी ४५ असतात, आणि बंद लाकडी खोक्यात त्याहून जास्त. वर यादी करून मोकळीक ठेवली ती यासाठी. ट्रान्सफॉर्मर मोकळ्या हवेत बसवा, रेक्टिफायर आणि आउटपुट व्हॉल्व्हपासून चार बोटं लांब.

तो आतून किती तापतो हे मल्टिमीटरच सांगतो. अ‍ॅम्प्लिफायर थंड असताना, प्लग काढून, प्रायमरीचा रेझिस्टन्स मोजा आणि खोलीचं तापमान लिहा. समजा ३० अंशांना ३८ ओहम. मग दोन तास गाणी लावा, प्लग काढा आणि लगेच पुन्हा मोजा. ४४.५ ओहम आले तर वाढ १७ टक्के. तांब्याच्या तारेत दर एका टक्क्याला सुमारे २.६ अंश धरायचे, म्हणजे वाढ ४५ अंशांची. मे महिन्यात खोली ४३ वर गेली तरी आतलं तांबं ८८ वर राहील. हे सुरक्षित आहे. वाढ ५५-६० च्या घरात निघाली तर ईएल ८४ चा कॅथोड रेझिस्टर थोडा वाढवून करंट कमी करा आणि माप पुन्हा घ्या. तरीही उतरत नसेल तर त्या ट्रान्सफॉर्मरला ईसीएल ८२ चा हलका अ‍ॅम्प्लिफायर द्या आणि ईएल ८४ साठी दुसरा शोधा.